बैरंग

आलेल्या पत्राला उत्तर न देणं आमच्या बाबांना जमत नाही. ३६ वर्षं पोस्टात काढलेला माणूस. सुरुवात सॉर्टिंगला, शेवट कराडजवळच्या एका सब-ऑफिसात पोस्टमास्तर म्हणून. लग्नाची पत्रिका आली आणि जाणं होणार नसलं, की आशीर्वादाचं कार्ड जाणारच. दुखवट्याचं पत्र असेल तर त्याच दिवशीच्या डाकेनं उत्तर. पहिली ओळ ठरलेली, 'आपले पत्र मिळाले.' आधी पोच, मग मजकूर.

अशा माणसाला मी २०१६ साली जीमेलचं खातं उघडून दिलं.

महिनाभरात फोन आला. आफ्रिकेतल्या कुणा तेलवाल्याची विधवा, तिला दुर्धर आजार, पोटी मूल नाही, बँकेत ४० लाख डॉलर पडून, आणि ते एखाद्या देवभीरू माणसाच्या हवाली करून तिला डोळे मिटायचे होते. तो देवभीरू माणूस म्हणून तिनं बाबांना निवडलं होतं. बाबांनी उत्तर पाठवूनही झालं होतं, पोस्टखात्याच्या इंग्रजीत. आपले पत्र मिळाले. आपल्या यजमानांच्या निधनाची वार्ता वाचून वाईट वाटले. तथापि एवढी मोठी रक्कम अनोळखी इसमाच्या नावे करणे इष्ट नाही. आपण स्वतः बँकेत जाऊन नॉमिनेशनचा फॉर्म भरावा.

"तासाभरात उत्तर आलं तिचं," बाबा कौतुकानं सांगत होते. "एवढी आजारी बाई, पण पत्रव्यवहाराला किती तत्पर!"

मला हसू आवरेना. मग जमेल तसं समजावलं. तिकडे बाई नाही, तेल नाही, डॉलर नाहीत. पुढच्या पत्रात ती वकिलाची फी म्हणून थोडे पैसे मागेल, मग कुठलासा कर, मग आणखी काही. या धंद्याला जगभर 'चारशे एकोणीस' म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचं कलम ४१९ आहे. आपल्याकडे तेव्हा चारशेवीस, त्यांच्याकडे एक कमी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "फसवायचंच आहे तर इतकं खोटं दिसणारं का लिहितात? नीट तरी लिहावं."

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे कळलं की हाच प्रश्न २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी गंभीरपणे मांडला होता. त्यांचं म्हणणं असं, की लाखो पत्रं पाठवायला खर्च येत नाही. खर्च येतो तो पुढे, उत्तर देणाऱ्याशी दिवसच्या दिवस गोड बोलत राहण्यात. म्हणून कथा मुद्दामच अशी रचायची की शंभरातले नव्व्याण्णव हसून पुसून टाकतील. जो उरेल, त्याच्यावरच वेळ खर्च करायचा. ते भलं मोठं अशुद्ध इंग्रजी पत्र म्हणजे चाळण असते.

"म्हणजे मी चाळणीत वर राहिलो," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, तसं नाही हो बाबा. पण तसंच होतं. फक्त ते हावेपायी राहिले नव्हते, पोच द्यायच्या सवयीनं राहिले होते, आणि ठगाला त्यानं काय फरक पडतो?

पुढच्या खेपेला मी कराडला गेले तेव्हा त्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली. हातात चहा, समोर टॅब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "या पत्रांचं तिकीट कोण भरतं?"

"कुणीच नाही. म्हणजे इंटरनेटचं जे काय महिन्याचं बिल असेल ते."

"आणि ती चाळत बसायचा खर्च?"

"तो आपला."

"मग हे बैरंग आहे," बाबा म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता निकालात निघाला.

बैरंग हा शब्द माझ्या मुलीला माहीत नाही, म्हणून सांगते. तिकीट न लावता, किंवा कमी लावून पेटीत टाकलेलं पत्र. पोस्ट ते टाकून देत नाही, पोचवतं, पण जेवढं तिकीट कमी पडलं त्याच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल करतं. पोस्टमन दारात उभा राहून सांगणार, "बैरंग आहे, एवढे द्या." घ्यायचं नसेल तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पत्र परत. १८४० च्या आधी इंग्लंडात बहुतेक पत्रांचे पैसे घेणाराच द्यायचा. मग रोलंड हिल या इंग्रज सुधारकाच्या सुधारणेतून तिकीट आलं आणि खर्चाचं ओझं पाठवणाऱ्याच्या डोक्यावर गेलं. पत्र टाकण्याआधी माणूस क्षणभर विचार करायला लागला तो त्यामुळे. ई-मेलनं ते तिकीट उचकटून काढलं आणि आपण पुन्हा १८४० च्या आधीच्या काठावर येऊन बसलो.

तिकीट नसण्यानं काय होतं, याचा एक हिशोब मी बाबांना सांगितला. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी, व्हायरसनं काबीज केलेल्या संगणकांच्या एका जाळ्यात शिरून, औषधांची जाहिरात करणाऱ्या स्पॅमचा, म्हणजे न मागता ठोकानं येणाऱ्या मेलचा, माग ठेवला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल गेले. खरेदीपर्यंत पोचले २८ जण. कोटी नाहीत, लाख नाहीत, नुसते अठ्ठावीस.

बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला गुणाकार केला. साधं पोस्टकार्ड धरलं तरी ५० पैसे. ३५ कोटी कार्डांचे साडेसतरा कोटी रुपये. २८ गिऱ्हाइकांसाठी. "दुसऱ्या दिवशी दुकान बंद झालं असतं," ते म्हणाले. आणि खरंच, स्पॅमचं सगळं रहस्य एवढंच आहे. पत्र फुकट असेल तर कोट्यवधींना टाकायला काहीच हरकत नाही. आमच्या लहानपणी देवाच्या नावाची साखळी-पत्रं यायची. हे पत्र मिळताच अशीच एकवीस लिहा, नाही लिहिलीत तर नुकसान होईल, अमक्यानं फाडलं तर त्याचा बैल मेला वगैरे. आजी घाबरून माझ्याकडून ती लिहून घ्यायची. पण एकवीस कार्डांचे पैसे तिला कनवटीचे मोजावे लागायचे, म्हणून ती साखळी आमच्या आळीतल्या आळीतच तुटायची.

पहिला स्पॅम मेल मे १९७८ मधला धरतात. तेव्हा इंटरनेट नव्हतं, अमेरिकेत विद्यापीठं आणि लष्करी संशोधन जोडणारं अर्पानेट होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्रेत्यानं नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकदम सुमारे ४०० जणांना पाठवलं. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, उरलेले सांडून मजकुरात आले. लोक भडकले, त्याला समज मिळाली. कंपनीचे संगणक मात्र खपले, असं तो पुढे अभिमानानं सांगायचा. पत्ते मजकुरात सांडल्याचं ऐकून बाबा मनापासून हसले. असली पाकिटं त्यांनीही पाहिली होती, पत्ता पुढून मागे वळलेला.

'स्पॅम' हा शब्द डबाबंद मांसाचा, १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या. १९७० च्या एका ब्रिटिश टीव्ही प्रहसनात उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात तेच असतं आणि त्या एकाच शब्दाच्या गजरात बाकी कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथून तो इकडे आला. शाकाहारी बाबांना ही व्युत्पत्ती आवडली नाही. ते बैरंगच म्हणतात.

मला स्वतःला जास्त चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे थुर्कच्या त्या पत्राच्या अडीच वर्षं आधी, जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञानं एक छोटं टिपण लिहून ठेवलं होतं. नको असलेल्या टपालाबद्दल. त्यातली तक्रार अशी, की पत्र घेणाऱ्या यंत्राला निवडक पत्रं नाकारायची सोयच या व्यवस्थेत नाही. 'घेण्यास नकार' हा शेराच नाही! आपल्या खेड्यातल्या निरक्षर म्हातारीला पोस्टमनसमोर जो हक्क होता, तो या नव्या डाकेत कुणालाच नव्हता. आणि पुढे १९८२ मध्ये ई-मेल पोचवण्याचे जे नियम याच पोस्टेलनी लिहिले, त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासण्याची तरतूद नव्हती. मूठभर ओळखीची माणसं, एकमेकांवर भरवसा. चाळीतल्या दाराला कडी कोण लावतं?

पुढच्या सगळ्या युक्त्या या उघड्या दाराला मागाहून बसवलेल्या कड्या आहेत. बाबांना त्या समजावताना मी आधी संगणकाचे शब्द वापरत होते आणि ते 'हो हो' म्हणत होते. म्हणजे कळत नव्हतं. मग त्यांच्याच भाषेत गेले आणि पाचव्या मिनिटाला ते मला शिकवायला लागले.

प्रेषकाच्या नावावर जायचं नाही, हे त्यांना सांगावंच लागलं नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात 'प्रेषक: राष्ट्रपती भवन' असं कुणीही लिहू शकतं, पोस्ट विचारत नाही. पत्र कुठून आलं ते सांगतो शिक्का. मेललाही शिक्के असतात. संगणकावर जीमेलमध्ये पत्र उघडून तीन टिंबांवर क्लिक केलं आणि 'शो ओरिजिनल' म्हटलं की सगळं पाकीट उलगडतं. 'रिसीव्हड'ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे वाटेतल्या ऑफिसांचे शिक्के, सगळ्यात खालचा सगळ्यात जुना, आणि खालचे ठगाला खोटे मारता येतात. वर तीन नोंदी असतात, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. पहिली सांगते, हा प्रेषक आपली डाक ज्या ऑफिसांतून टाकतो त्यांच्या यादीतलंच हे ऑफिस आहे का. दुसरी म्हणजे थैलीचं लाखेचं सील, वाटेत फुटलं का. तिसरी म्हणजे खऱ्या प्रेषकानं देऊन ठेवलेली सूचना, की माझ्या नावाचं पत्र या तपासात नापास झालं तर ठेवा, बाजूला टाका की परत करा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं ठोक पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं आहे.

"पण चोरानं स्वतःचंच ऑफिस काढलं आणि स्वतःचंच सील मारलं तर?" बाबांनी विचारलं.

अगदी बरोबर. तिन्ही नोंदींपुढे 'पास' असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की पत्र त्या पत्त्यावरूनच आलंय. तो पत्ता सज्जनाचा आहे का, हे सील सांगत नाही. म्हणून पत्ता वाचता यायला हवा, आणि इथे बाबा माझ्या दहा पावलं पुढे होते. सॉर्टर पाकीट वरून वाचत नाही. त्याला नावाशी घेणं नसतं. तो खालून वर वाचतो, आधी पिन कोड, मग गाव. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा पट्टा, ४१५ म्हटलं की सातारा-रत्नागिरीची बाजू. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, वर संस्कृतचे कवी. बाबा हे सांगताना दर वेळी जरा ताठ बसतात.

संकेतस्थळाचा पत्ताही शेवटाकडून वाचायचा. बाबांना आलेल्या एका मेलमधला दुवा साधारण असा होता: 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-सेवा डॉट कॉम'. आपली नजर डावीकडे सुरू होते, सरकारी नाव दिसतं, जीव भांड्यात पडतो. सॉर्टरची नजर शेवटाला जाते. गाव कॉम. घर रिफंड-सेवा. त्याच्या आधी लिहिलेलं सगळं, त्या घरमालकानं दाराबाहेर टांगलेली पाटी. खऱ्या प्राप्तिकर खात्याचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'वरच संपतो. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन रेघा सोडून, पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि मागून वाचत यायचं, एवढंच. बँकांचंही आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेच्या नावाचा दुवा दुसरीकडेच कुठे संपत असेल तर तिथेच थांबायचं. आणि खरं सांगायचं तर दुव्यावर बोट ठेवायचंच कशाला? बँकेचं काम असेल तर बँकेचं ॲप आपल्याच हातानं उघडावं.

बारीक अक्षराची फसवणूक मात्र आम्हा दोघांनाही एकदा चकवून गेली. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की एम दिसतो. फोनच्या पडद्यावर तर हमखास. बाबांनी भिंग आणून पाहिलं.

पोच पावतीची गंमत सांगायची राहिली. रजिस्टर पत्राला मागे एक कार्ड लावायचे, सही करून ते परत जायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला कळायचं की माणूस त्या पत्त्यावर आहे. स्पॅम मेलमध्येही ते कार्ड असतं, फक्त दिसत नाही. टाचणीच्या टोकाएवढं, पारदर्शक चित्र. मेल उघडला की ते चित्र आणायला पाठवणाऱ्याच्या संगणकाकडे मागणी जाते, आणि त्याला कळतं, पत्ता जिवंत आहे, आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उघडला. जीमेल हल्ली चित्रं स्वतःमार्फत आणतं त्यामुळे आपलं ठिकाण फुटत नाही, पण उघडल्याची पोच तरीही जाऊ शकते. सेटिंगमध्ये जाऊन 'विचारल्याशिवाय चित्रं दाखवू नका' असं करून ठेवलं की सही होत नाही. तसंच ते 'अनसबस्क्राइब'. ज्या दुकानातून आपण खरंच साड्या घेतल्या त्याच्या मेलवर ते दाबावं, थांबतात. ज्याला आपण ओळखतच नाही त्याच्या पत्राखालचं दाबलं तर आपण पोच देतो, दुसरं काही नाही. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'. बाबांच्या भाषेत, शेरा मारा आणि परत करा.

हे 'रिपोर्ट' दाबणं वाया जात नाही, हे मला उशिरा कळलं. चाळणारं यंत्र आपल्या शेऱ्यांवरच शिकतं. २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनं सुचवलं, की नियम कसले लिहिता, पत्रातल्या शब्दांचीच शिरगणती करा. कुठला शब्द नकोशा पत्रांत किती वेळा येतो आणि हव्याशा पत्रांत किती, त्यावरून शक्यता काढा. मागचं गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेज नावाच्या इंग्रज पाद्र्याचं. आजची यंत्रं याच्या कितीतरी पुढे गेलीत, पण मुळाशी नव्या सॉर्टरला जुना सॉर्टर शेजारी बसवून शिकवायचा, तेच आहे. चुकला की टपली. २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. असो.

एवढं सगळं शिकवणाऱ्या बाईची म्हणजे माझी गोष्टही सांगते, नाही तर अन्याय होईल. मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मेल आला, 'सुधारित बोनस पत्रक, आपले नाव तपासा.' दुपारचे सव्वाचार, डोक्यात फराळाचं, हातात तीन व्हेंडरांची बिलं. दाबलं. पडद्यावर लाल अक्षरात आलं, की ही कंपनीचीच चाचणी होती आणि आपण नापास झालात. वर ४० मिनिटांचा व्हिडिओ बघायची शिक्षा. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा पास झाला होता, कारण तो त्या दिवशी रजेवर होता. मागून वाचायचा पत्ता, शिक्के, सील, सगळं मला ठाऊक होतं. ठगाला आपलं अज्ञान लागतच नाही, सव्वाचारची वेळ पुरते.

आणि बाबांचा पत्ता बाहेर गेला कसा, तेही माझ्याच माथी. एका घरांच्या प्रदर्शनात लकी ड्रॉचं कूपन भरताना माझा ई-मेल द्यायचा नाही म्हणून मी त्यांचा दिला होता. मिक्सर लागला नाही. पत्ता मात्र गावभर झाला. आता मी असल्या कामांसाठी वेगळं खातं ठेवलंय, घराच्या मागच्या दारासारखं. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो, पत्र तरीही आपल्यालाच येतं. 'अधिक साडी', 'अधिक लॅब'. मग नको ते पत्र आलं की कुणी पत्ता विकला ते कळतं. एका ठिकाणचं कळलंही. भांडायला गेले नाही.

गेल्या पावसाळ्यात आईचा फोन आला. "बाबा दोन दिवस नीट जेवत नाहीयेत. विचारलं तर बोलत नाहीत. तू ये."

गेले. बाबा खिडकीशी बसलेले. टॅब कपाटात, कपाटाला कुलूप. आई देवळात गेल्यावर त्यांनी किल्ली काढली. मेलला जोडलेलं दोन पानी पत्र होतं. वर अशोकस्तंभ, तपास यंत्रणांची नावं, कलमांची रांग. मजकूर असा, की आपल्या इंटरनेट जोडणीवरून लहान मुलांची अश्लील दृश्यं पाहिली गेल्याचं निष्पन्न झालं आहे. २४ तासांत उत्तर द्यावे, अन्यथा अटक, आणि वृत्तपत्रांना माहिती.

अशी बनावट पत्रं देशभर फिरताहेत, सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं ती खोटी असल्याचं अनेकदा जाहीर केलंय. मला ते पहिल्या ओळीतच कळलं. पण मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना आपण निर्दोष आहोत हे माहीत होतं आणि तरी ते दोन दिवस आईच्या नजरेला नजर देत नव्हते. विधवेच्या डॉलरवर हसता येतं. ही चाळण वेगळी. इथे अब्रूला जपणारा माणूस वर राहतो, आणि तो कुणाला विचारतही नाही, कारण विचारायचं म्हणजे ते शब्द तोंडातून काढायचे.

"उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"लिहिलं होतं. 'आपले पत्र मिळाले' इथवर."

"मग?"

त्यांनी दोन पानं पडद्यावर पुढे-मागे केली. "हे बघ. जावक क्रमांक नाही. सरकारी पत्र जावक क्रमांकाशिवाय ऑफिसाबाहेर पडत नाही. पण तेवढ्यानं माझी खात्री होईना, म्हटलं हल्ली संगणकावर पद्धत बदलली असेल. मग आज पहाटे हे दिसलं." त्यांनी गोल शिक्क्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या पानावरच्या शिक्क्यावर. दोन्ही डावीकडे झुकलेले, दोन्हींत वरच्या कडेचं एक अक्षर अर्धं उठलेलं, दोन्हींत खाली उजवीकडे शाईचा एकच ठिपका, त्याच जागी.

"रोज शेकड्यांनी शिक्के मारलेत मी. हात तोच, शाई तीच, शिक्का तोच. दोन सारखे कधी उठत नाहीत. हे चिकटवलंय."

मी काही बोलले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन'वर तक्रार नोंदवली. पैसे गेले असते तर १९३० वर लगेच फोन करायचा असतो, जितका लवकर तितकं बरं, म्हणजे पुढे सरकलेली रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा असते. तो आकडा बाबांनी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवला. जीमेलला पासवर्डबरोबर फोनवरचा दुसरा टप्पाही लावून टाकला. आई देवळातून आली तेव्हा बाबांनी स्वतःहून तिला ते पत्र दाखवलं. तिनं चष्मा न लावताच विचारलं, "म्हणून दोन दिवस माझी थालीपीठं उकिरड्यात?"

आता रविवारी सकाळी स्पॅमचा खण उघडून बसायचं, हा त्यांचा नेम झालाय. मी म्हटलं, बघू नका, तीस दिवसांनी आपोआप जातं. ते म्हणाले, बेवारस टपाल उघडून पाहिल्याशिवाय नष्ट करत नाहीत, कुणाचं खरं पत्र असलं तर?

आणि एक होतंच. देवरुखला त्यांच्याबरोबर सॉर्टिंगला असलेले एक काका आहेत. त्यांनी नातवाकडून मेल उघडून घेतला, आणि हौसेनं विषयात फक्त 'अर्जंट' लिहून, नातवाच्या मुंजीचे चौदा फोटो जोडून, एकदम सत्तर जणांना पाठवला. यंत्रानं जे करायचं तेच केलं. बाबांना तो सव्विसाव्या दिवशी सापडला. चार दिवस राहिले होते.

त्यांनी 'नॉट स्पॅम' दाबलं, पत्र खणातून बाहेर काढलं, आणि सगळे फोटो एकेक करून पाहिले. मग दोन बोटांनी टाइप करायला बसले. 'आपले पत्र मिळाले.' पुढचं लिहायला पाऊण तास लागला. पाठवून झाल्यावर क्षणभर थांबले, मग फोन उचलला. काकांना ऐकू कमी येतं.

"अरे, उत्तर टाकलंय तुला!" बाबा ओरडत होते. "मेलवर! नाही दिसत? ... वर नाही रे! खाली जा! कचऱ्यात बघ, कचऱ्यात!"